काकणं फोडून दुःख हलकं होत नाही

बेळगाव-निपाणी पट्ट्यात विधवा प्रथांचा विषय निघाला की हल्ली एक नवा बचाव ऐकू येतो. पूर्वी लोक पापाचा, परलोकाचा, पितरांचा हवाला देत. शिकलेल्या घरांत तो आता चालत नाही, म्हणून मनाच्या आरोग्याची भाषा आली आहे. काकणं फोडताना बाई हंबरडा फोडते, आत साठलेलं बाहेर पडतं. कुंकू पुसलं की माणूस खरंच गेला हे मनाला पटतं. सगळं गाव तिच्या दुःखात उभं राहतं. शहरात यासाठी समुपदेशकाचे पैसे मोजावे लागतात, आपल्या आज्या-पणज्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं. मग हे विधी बंद पाडून बाईला एकटं का पाडता?

असं बोलणारी माणसं निर्दय नसतात. विधवा बहिणीला घर बांधून देणारे, सुनेला शिकवून नोकरीला लावणारेही हे बोलतात. म्हणून त्यांना शिव्या घालून भागणार नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते नीट सांगायला हवं.

दुःखाला विधी लागतो, हे मला मान्य आहे. माणूस गेल्यावर चूल बंद असते, शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येतात. पै-पाहुणे भेटायला येतात, तेच तेच विचारतात आणि बाई तेच तेच सांगते: सकाळी चहा घेतला, मग छातीत दुखतंय म्हणाले, मग गाडी मिळेपर्यंत... दहा वेळा सांगितल्यावर तिलाच ते खरं वाटायला लागतं. रक्षाविसर्जन, दहावा, तेरावा या दिवसांमुळं मोडून पडलेल्या घराला पुढच्या सकाळी उठायला काहीतरी कारण मिळतं. यातलं काहीही बंद करा असं कोणी म्हटलेलं नाही. वाद चार गोष्टींपुरता आहे: कुंकू पुसणं, काकणं फोडणं, डोरलं तोडणं आणि जोडवी काढणं. शिवाय त्या चार गोष्टींनी तिच्यावर कायमचं बसवलेलं अशुभपण.

हे दोन्ही वेगळं करून बघण्याची एक सोपी कसोटी आहे. त्याच गल्लीत बायको वारलेला पुरुष आठवा. पिठलं-भाकरी त्याच्याही घरी येते. पाहुणे त्यालाही भेटतात, रक्षा तोही सावडतो, दहाव्याला तोही नदीवर जातो. दुःखाला आधार देणारं जेवढं म्हणून आहे तेवढं त्याला मिळतं. त्याच्या अंगावरचं काही फोडलं जात नाही, पुसलं जात नाही. वर्षभरात मुलगी बघायला तो टोपी घालून बाहेर पडतो आणि पुढं मुलाच्या लग्नात मांडवात मानानं बसतो. काही फोडल्याशिवाय शोक मोकळा होत नसेल, तर या माणसाचा शोक कसा मोकळा होतो? काकणं फोडण्याची गरज शोकाची नाही, हे त्याच्याकडं बघून कळतं. ती गरज दुसऱ्या कशाची तरी आहे.

ती कशाची आहे ते कळायला तो प्रसंगच डोळ्यांपुढं आणावा लागतो. कुठं प्रेत उचलण्याआधी, कुठं दहाव्याला नदीवर, घराघरांत रीत थोडी वेगळी. पण बऱ्याच ठिकाणी बाईला आधी न्हाऊ घालतात. नवं लुगडं नेसवतात. हातभर हिरवी काकणं, कपाळभर कुंकू, केसांत फुलं, ओटी. शेवटचं म्हणून सगळं. आणि मग ज्यांनी सजवलं त्यातल्याच, बहुतेक वेळा वयानं मोठ्या विधवा, तिचे हात दगडावर धरतात. काच मनगटात रुतते. कपाळावरून ओला हात फिरतो. भोवती बायका, जरा लांब पुरुष, आणि त्यांच्या पायांमधून बघणारी तिची स्वतःची मुलं.

तिच्या रडण्याला 'मन मोकळं झालं' म्हणतात. पण नवरा गेल्याचं रडणं आणि चारचौघांत आपली विटंबना होतेय याचं रडणं कानाला सारखंच ऐकू येतं. पहिल्या रडण्यात तो माणूस असतो: त्याचा आवाज, त्याचं जेवण, त्याच्याशी राहून गेलेलं भांडण. दुसऱ्यात फक्त आपला हात सोडवण्याची धडपड असते. दहा दिवस तिच्या मनात दहाव्याचीच धास्ती असते. ज्या दिवसांत तिनं त्या माणसाला आठवायचं, ते दिवस या भीतीत जातात. विधी तिला शोक करायला मदत करत नाही. तिच्या शोकाची जागाच तो घेतो.

आता शास्त्राचं बोलू, कारण हवाला शास्त्राचा दिला जातो. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकानं १९०९ मध्ये जगभरच्या संक्रमण-विधींवर पुस्तक लिहिलं. त्याची मांडणी अशी की अशा विधीचे तीन टप्पे असतात: माणसाला आधीच्या जगण्यातून बाजूला काढणं, काही काळ उंबऱ्यावर ठेवणं, आणि मग नव्या रूपात पुन्हा माणसांत घेणं. तिसरा टप्पा आला की विधी पुरा होतो. आपल्याकडं विधवेला बाजूला काढण्याचा विधी आहे, उंबऱ्यावर ठेवण्याचीही सोय आहे. परत घेण्याचा विधी कुठाय? कोणत्या दिवशी, कोण, काय म्हणून तिला पुन्हा माणसांत घेतं? विशीत नवरा गेलेली बाई सत्तराव्या वर्षीही त्याच उंबऱ्यावर असते.

आणि परतीचा विधी आपल्या भागाला ठाऊक नाही असंही नाही. याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कागल, सगळीकडून तिथं माणसं जातात. मार्गशीर्षात रांडाव पुनव येते. जमदग्नी मारला गेला म्हणून देवी विधवा होते आणि जोगतिणींची काकणं फुटतात. पुढं महिना-दोन महिन्यांत अहेव पुनव येते, जमदग्नी उठतो, देवी सवाष्ण होते, काकणं पुन्हा भरली जातात. या पंथानं गरीब घरांतल्या मुलींचं काय केलं हे मी विसरलेले नाही; देवीला मुली सोडण्याची प्रथा थांबवायला कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा करावा लागला, आणि राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत जोगत्या-जोगतिणींचं ते जिणं आहे. त्या पंथाचा गौरव मला करायचा नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की देवीचं वैधव्य आपण अहेव पुनवेपर्यंत आटोपतं घेतो. तिच्या उघड्या मनगटाकडं वर्षभर बघणं भक्तांना सोसत नाही. मग घरातल्या लेकीकडं पन्नास वर्षं बघणं कसं सोसतं? परंपरा राखायची असेल तर अहेव पुनवही परंपराच आहे.

विरह सोसण्यावर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना आज खूप वापरली जाते. ते म्हणतात, जोडीदार गेलेला माणूस दोन टोकांमध्ये हेलकावतो. कधी तो दुःखात बुडतो, कधी तिकडं पाठ फिरवून पैसे, मुलं, नवं काम, नवी माणसं यांच्या मागं लागतो. हे येणं-जाणं होत राहिलं तर माणूस हळूहळू सावरतो. निव्वळ रडत राहणंही घातक आणि निव्वळ विसरू बघणंही. आपल्या प्रथा नेमकं हे येणं-जाणं तोडतात. सहा महिन्यांनी बाई हसली तर 'हिला काही वाटत नाही'. रंगीत पातळ नेसली तर 'कुणासाठी?'. मोबाइलवर जरा जास्त वेळ बोलली तर सासू दाराशी येऊन उभी राहते. दुःखातून बाहेर पडायचं प्रत्येक पाऊल नवऱ्याशी बेइमानी ठरवलं जातं. बाई त्यातून एवढंच शिकते, की बरं व्हायचं नाही आणि झालंच तर दाखवायचं नाही.

यापेक्षाही खोल जखम दुसरी आहे. कुंकू पुसताना तोंडानं कोणी म्हणो न म्हणो, त्या कृतीत एक आरोप असतो. तो गेला त्यात तुझं काहीतरी आहे. तुझं नशीब खोटं, तुझा पाय पांढरा. दारू पिऊन लिव्हर गेलेल्या नवऱ्याची बायको, कर्जापायी औषध प्यालेल्या शेतकऱ्याची बायको, हायवेवर ट्रकखाली गेलेल्याची बायको, सगळ्यांना हा आरोप सारखाच लागू. जोडीदार गेलेल्या कुठल्याही माणसाला 'मी काही केलं असतं तर' हा विचार छळतोच. जवळची माणसं त्याला सांगतात, तुझा काही दोष नाही. शोकात एकमेकांना द्यायचा सगळ्यात मोठा आधार हाच असतो. विधवेला तेवढं एक वाक्य मिळत नाही. उलट अख्खा गाव जमून तिच्या मनातल्या त्या छळणाऱ्या विचारावर शिक्का मारतो. याला मनाचा आधार म्हणणाऱ्यांनी एकदा त्या बाईच्या जागी बसून विचार करावा.

तेराव्यानंतर गाव आपापल्या कामाला जातं आणि खरा काळ सुरू होतो. संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या घरांना हळदीकुंकवाचं बोलावणं जातं, मधलं एक घर सोडून. पोरीच्या लग्नात आई स्वयंपाकघरात. हळद लावायला काकी, ओटी भरायला मावशी. कोणी ढकलत नाही, ती आपणहून मागं सरते. 'मला नको पुढं करू बाई' हे इतक्या सहज म्हणते की ऐकणाऱ्याला वाटतं हिची काही तक्रार नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्यात मात्र याच हातांना कुठलीच आडकाठी नाही. तंबाखूची धूळ छातीत घेत राबणाऱ्या बायकांमध्ये विधवा बायका पहिल्यापासून आहेत, आणि त्यांनी वळलेली विडी अशुभ म्हणून कोणी परत केलेली नाही. पेरणीला, भांगलणीला, ऊसतोडीला त्यांचा हात चालतो. ओटीत नारळ घालायला चालत नाही. कष्टाला शुभ आणि मानाला अशुभ असा हा हिशेब आहे. त्यात देवधर्म शोधून सापडणार नाही.

'पण हे सगळं बायकाच बायकांना करतात,' हा पुढचा मुद्दा. खरं आहे. दगडावर हात धरणारी बाईच असते. पण तिच्याबद्दलही विचार करा. तीस वर्षांपूर्वी तिचे हात असेच कोणी धरले होते. आज ही रीत खोटी म्हणायची तर आपलं सगळं आयुष्य उगाच कोरडं गेलं असं कबूल करावं लागतं, आणि साठीतल्या बाईला ते पेलत नाही. म्हणून ती म्हणते, मला झालं, हिलाही होऊ दे. हे क्रौर्य आहे, पण दुःखातून आलेलं आहे. विधीचा परिणाम एका पिढीवर थांबत नाही, याचाच हा पुरावा आहे. 'बायकांनाच हवं असतं' असं त्यावरून म्हणता येत नाही. हेरवाडच्या ग्रामसभेत प्रथाबंदीचा ठराव मांडणारी आणि त्याला अनुमोदन देणारी, दोघीही बायकाच होत्या.

हेरवाडवर जरा थांबायला हवं, कारण ते गाव आपल्यापासून लांब नाही. शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडजवळ. सदलगा-बोरगावच्या लोकांचे तिकडं पै-पाहुणे आहेत. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या बायकोचे हाल बघितले. त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की माझ्या मागं माझ्या बायकोवर यातली कुठलीही प्रथा लादू नये. मग ते गावांना पत्रं घालत, माणसांना भेटत राहिले. ४ मे २०२२ रोजी सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या हेरवाडनं ठराव केला. दोन दिवसांनी, ६ मे रोजी, शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. १७ मे रोजी महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ते काढणाऱ्या ग्रामविकास खात्याचे तेव्हाचे मंत्री हसन मुश्रीफ कागलचे. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, म्हणजे निपाणी तालुका.

कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातले नेते अडवले जातात, हे आपण वर्षानुवर्षं बघतो आणि चिडतो. हेरवाडचा ठराव तिथं कोणत्याही पोलिसानं अडवलेला नाही. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारे आपण, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडं डोळे लावून बसलेले आपण, 'आमची नाळ महाराष्ट्राशी' म्हणणारे आपण. मग महाराष्ट्रातून आलेली ही एक गोष्ट, जिला ना खटला लागतो ना केंद्राची परवानगी, ती घ्यायला आपले हात का आखडतात? महाराष्ट्राचं परिपत्रक इथं लागू नाही हे खरं. पण कर्नाटकाच्या १९९३च्या पंचायत कायद्यानं ग्रामसभा आपल्यालाही दिली आहे आणि ठराव करायला कोणी बंदी केलेली नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा या गावांनी मराठी साहित्य संमेलनं भरवून भाषा जगवली. हजार-दोन हजार माणसं मांडवात बसवण्याची ताकद ज्या गावांकडं आहे, त्यांना त्याच मांडवात हा ठराव मोठ्यानं वाचणं अवघड नाही. हा प्रश्न मराठीपुरताही नाही. जन्म-मरणाचं सुतकच नाकारणारी बसवण्णांची शिकवण ज्या लिंगायत घरांत सांगतात, त्यांतल्याही कित्येक घरांत काकणं फुटतात. भाषेवरून भांडणारी दोन्हीकडची माणसं इथं मात्र एकाच रीतीनं वागतात.

शाहू महाराजांचं नाव घेतलंच आहे तर त्यांच्या घरातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. करवीरच्या कायद्यापेक्षा मला ते मोठं वाटतं. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी यांचं लग्न झालं, आणि पुढच्या वर्षी, जून १९१८ मध्ये, शिकारीत झालेल्या अपघातात ते गेले. सून इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांची पोर. तरुण मुलगा गेलेल्या बापाचं दुःख काय असतं ते सांगायला नको. घराण्याची रीत काय आहे हे सांगणारी माणसंही वाड्यात कमी नव्हती. महाराजांनी त्या मुलीला सोनतळीला ठेवलं, शिक्षक नेमले, वेगवेगळ्या जातींतल्या मुली सोबतीला दिल्या आणि घरातला विरोध पत्करून तिला शिकवलं. पुढं त्याच इंदुमती राणीसाहेबांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम उभं केलं. राजाला हे परवडतं, असं कोणी म्हणेल. मैत्रिणी, पुस्तकं आणि उद्याचा दिवस देणं प्रत्येक घराला परवडतं, आपापल्या ऐपतीनं. परंपरेच्या बाजूनं बोलणारे ज्याला मनाचा आधार म्हणतात, तो खरा हा होता. मुलाच्या आठवणीचा अपमान होतो असं त्या बापाला वाटलं नाही. 'काकणं ठेवली तर गेलेल्याचा मान राहत नाही' म्हणणाऱ्यांना मुलगा गमावलेल्या शाहूंपेक्षा गेलेल्याची जास्त काळजी आहे का?

'आता हे कुठं राहिलंय, उगाच जुनं उकरता,' असंही म्हणतात. केशवपन गेलं हे खरं. त्यासाठी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिकांना विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याची शपथ घ्यायला लावली होती. बाकीचं गेलेलं नाही. ते सौम्य झालं आहे. टिकली चालते पण कुंकू नाही, प्लास्टिकची काकणं चालतात पण काचेची हिरवी नाहीत, बँकेत नोकरी चालते पण पूजेला बसणं नाही. सौम्य झालेली प्रथा जास्त दिवस टिकते, कारण तिच्याविरुद्ध बोलायला कोणाला निकड वाटत नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४ कोटी ३० लाख विधवा होत्या. एवढ्या बायकांच्या मनातलं हे ओझं 'आता राहिलंच नाही' असं म्हणून उतरत नाही.

जगात हे फक्त आपल्याकडं आहे असंही नाही. नायजेरियातल्या काही समाजांत विधवेचं डोकं भादरतात, तिला कोंडून ठेवतात, नवऱ्याला तिनं मारलं नाही हे सिद्ध करायला लावतात. तिथल्या एनुगू राज्यानं २००१ मध्ये अशा सक्तीविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याच्या नावातच विधवांबरोबर विधुरांचेही हक्क घातले आहेत, हे मला फार योग्य वाटतं. जोडीदार गेलेल्या बाईला आणि पुरुषाला एकाच मापानं मोजायचं एवढं ठरवलं, की कोणती रीत शोकाची आणि कोणती बाईला खाली ओढायची, हे निवडायला वेळ लागत नाही.

राहता राहिली शेवटची शंका: ठरावानं मनं बदलतात का? लगेच नाही बदलत. पण त्या दिवशी अंगणात काय चालतं ते आठवा. एखादी जाऊ, एखादी भाची, कधी खुद्द सासराही मनातून म्हणत असतो की हे नको. बोलायचं धाडस कोणाला होत नाही, कारण बोललं की आपण एकटे पडू आणि उद्या घरात काही वाईट झालं तर बोट आपल्याकडं येईल. ग्रामपंचायतीचा ठराव असेल तर त्या जावेला स्वतःचं मत मांडावंच लागत नाही. 'आपल्या गावात हे बंद केलंय' एवढं म्हणून ती दगडावर धरलेला हात सोडवू शकते. माहेरहून लुगडं घेऊन आलेल्या भावालाही तेच वाक्य म्हणता येतं, आणि हात धरायला पुढं झालेल्या म्हाताऱ्या चुलतीलाही मागं सरायला जागा मिळते. हेरवाडनं आपल्या बायकांना हे वाक्य दिलं आहे. ते आपल्याही गावांनी द्यावं, आणि पुढच्या ग्रामसभेतच द्यावं.